बर्फाच्या गावात ग्रेपफ्रूट

आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या इमारतीत चार घरांची मुलं अमेरिकेत आहेत. त्या चारही घरांतले आजी-आजोबा एप्रिलअखेर निघतात आणि ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर परततात. थंड मुलखात कुंडीत वाढवलेल्या ग्रेपफ्रूटचं वेळापत्रकही हेच. मे उजाडला की घराबाहेर, ऑक्टोबर सरत आला की घरात. आम्ही विमानतळाकडे निघायचं आणि झाडाने दिवाणखान्यात यायचं, एकाच आठवड्यात. गेली सहा वर्षं लेकीच्या न्यू जर्सीच्या घरचं झाड असं अर्धं वर्ष माझ्या हातात आणि अर्धं वर्ष व्हिडिओ कॉलवर आहे. जे जमलं आणि जे फसलं ते लिहून ठेवते.

खरं तर मला तिथे पपनस लावायचं होतं. माझं माहेर रोह्याकडचं. वडील कलमं बांधायचे आणि परसातल्या पपनसाची पहिली फळं गणपतीच्या माटवीला, म्हणजे मूर्तीवर टांगतात त्या फळांच्या चौकटीला, जायची. ठाण्यात आल्यावर मी गच्चीवर दोनशे लिटरच्या पिंपात पपनस वाढवलं, ते अजून आहे. त्याचंच एक रोप बॅगेत घालून न्यायचा विचार होता. लेकीने फोनवरच हात जोडले. लिंबाच्या घराण्यातलं रोप, फांदी, पान, काहीही अमेरिकेत असं नेता येत नाही. ओला कढीपत्तासुद्धा विमानतळावर काढून घेतात, तो याचमुळे. कढीपत्ताही त्याच कुळातला, आणि त्याच्या पानावर बसणारी सिल्ला नावाची बारीक कीड लिंबूवर्गीय झाडांचा ग्रीनिंग हा रोग पसरवते. फ्लोरिडात हा रोग 2005 मध्ये सापडला आणि तिथल्या बागांची पार वाट लागली. तेव्हा रोप तिथलंच, परवान्याच्या नर्सरीतूनच घ्यायचं. बॅगेत गोधडी न्या. तिचा उपयोग पुढे सांगतेच.

पपनस राहिलं म्हणून हळहळायचं कारण नाही. ग्रेपफ्रूट हे पपनसाचंच लेकरू. वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावर पपनस आणि मोसंबीच्या जातीचं गोड संत्रं यांचा आपसूक संकर झाला आणि अठराव्या शतकात हे फळ लोकांच्या नजरेत आलं. फळं द्राक्षांसारखी घोसाने लटकतात म्हणून नाव ग्रेपफ्रूट. द्राक्षाशी बाकी काही संबंध नाही.

आता मुद्द्याचं. थंडीत टिकणारं ग्रेपफ्रूट कोणतं, असं सगळे विचारतात. मीही तेच विचारलं होतं आणि तिथेच पहिलं वर्ष वाया गेलं. थंडी सोसणं वेगळं आणि थंड जागी गोड होणं वेगळं. बाजारात येणाऱ्या लिंबूवर्गीय फळांमध्ये ग्रेपफ्रूटला सगळ्यांत जास्त ऊन लागतं. महिनोन्‌महिने कडक उन्हाळा मिळाला तर त्यातली आंबटाई उतरते. न्यू जर्सीचा उन्हाळा जेमतेम चार महिन्यांचा. तिथे झाड जगेल, फुलेल, फळही धरेल, पण ते फळ तोंडात घातलं की डोळे मिटतील. लेकीने आधी आणलेलं लाल गराचं रोप आम्ही शेवटी शेजाऱ्यांना देऊन टाकलं. लाल ग्रेपफ्रूट म्हणजे टेक्सासची मिरास. तिथेसुद्धा 1983 आणि 1989 च्या डिसेंबरमधल्या हिमलाटांनी बागाच्या बागा मारल्या. म्हणजे सोशीकपणातही ते काही पैलवान नाही.

त्याऐवजी आम्ही घेतलं ओरो ब्लांको. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या विद्यापीठात 1958 मध्ये हा संकर केला आणि 1980 मध्ये वाण बाहेर आला. त्याची एक बाजू ग्रेपफ्रूटची, दुसरी बाजू मुळात आंबटाईच नसलेल्या पपनसाची. आंबटपणा रक्तातच कमी, म्हणून उन्हाळा छोटा असला तरी फळ गोड होतं. बी जवळजवळ नसतंच. सालीखालचा पांढरा थर जाड असतो, अगदी आपल्या पपनसासारखा. इस्रायलमधून येणारं हेच फळ ‘स्वीटी’ नावाने विकतात. मेलोगोल्ड नावाचं त्याचं भावंडही मिळतं, फळ आणखी मोठं, पण थंडीला ते जास्त हळवं. थंडी सोसण्यात ओरो ब्लांकोही इतर ग्रेपफ्रूटांपेक्षा फार वरचढ नाही. मी ते निवडलं ते चवीसाठी.

ज्यांची मुलं जरा उबदार भागात आहेत, हिवाळ्यात पारा उणे तीन-चारच्या खाली क्वचितच जातो अशा गावात, त्यांना जमिनीत लावायचा विचार करता येईल. त्यांनी डंकन हा फ्लोरिडाचा जुना, बियाळ पण काटक वाण बघावा, किंवा ह्यूस्टनच्या बाजूला लोक परसात लावतात तो ब्लूमस्वीट. झाड घराच्या दक्षिणेच्या भिंतीलगत लावायचं. दिवसभर तापलेली वीट रात्री ऊब देते. त्याहून थंड गावात जमिनीत लावायचा हट्टच असेल तर सिट्रुमेलो आहे, ग्रेपफ्रूट आणि तीनपानी संत्र्याचा संकर. ते उणे दहाच्या आसपासही तगतं. फळ बघायला सुंदर. चवीबद्दल एवढंच सांगते की मी एक फोड खाल्ली आणि नंतर अर्धा तास जिभेवर डिंक बसल्यासारखं वाटत होतं.

रोप घेताना लेबलावर ‘झोन 9’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. झोन 9 म्हणजे जिथे हिवाळ्यातला नीचांक साधारण उणे एक ते उणे सात अंशांच्या दरम्यान असतो. लेकीचं गाव झोन 7 मध्ये, म्हणजे उणे बारा ते उणे अठरा. ठाण्यात पारा पंधरावर आला की आम्ही मफलर काढतो, त्यामुळे हे आकडे मला आधी पंचांगासारखे वाटले होते. थोडक्यात, झोन 7 मध्ये कुंडीच, दुसरा विचारही नको.

लेबलापेक्षा महत्त्वाचा खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम बांधतात ते खालचं झाड. आपल्याकडे मोसंबी-संत्र्याची कलमं जंबेरी किंवा रंगपूर लिंबावर बांधतात. थंड मुलखासाठी खुंट हवा तीनपानी संत्र्याचा. ते मूळचं चीनचं, हिवाळ्यात पानं गाळून निजणारं, उणे वीसलाही न मरणारं झाड. त्याच्या खुंटावर बांधलेलं कलमही थंडीची चाहूल लागताच लवकर वाढ थांबवतं, आणि वाढ थांबलेलं लाकूड थंडी सोसतं. त्याचाच एक वाकड्यातिकड्या फांद्यांचा बुटका प्रकार आहे, फ्लाइंग ड्रॅगन. कुंडीसाठी तोच मागा. झाड माणसाच्या उंचीच्या फार वर जात नाही आणि दारातून आत-बाहेर करता येतं.

नर्सरीत मी आधी बघते तो कलमाचा सांधा. वडील खाली उकिडवं बसून सांध्यावरून अंगठा फिरवायचे. खालीवर जाडी सारखी आहे का, डिंक गळतोय का, फट आहे का. तीनपानी खुंटावर मात्र सांध्याखालचा भाग थोडा जाड असतो, ते चालतं. लावताना सांधा मातीच्या वर चार बोटं राहिलाच पाहिजे. आणि सांध्याच्या खालून एखादी फांदी फुटली, तिला तीन-तीन पानांचे झुपके आणि लांब काटे दिसले, की ती खुंटाची. लगेच बुडापासून मोडा. कात्रीने कापली तर पुन्हा फुटते, कोवळी असताना हाताने ओढून काढलेली बरी. जावयांनी पहिल्या हिवाळ्यात ‘किती जोमदार फांदी आलीय’ म्हणून तिलाच काठीचा आधार दिला होता! मे महिन्यात मी पोचले तेव्हा ती ओरो ब्लांकोच्या डोक्यावर गेली होती.

बी पेरून झाड करायचं का, असं आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं. करा, हौस म्हणून. पण फळाला सात-आठ वर्षं किंवा जास्तही लागतील आणि तोवर काटेच काटे. कलमाला दोन-तीन वर्षांत फुलं येतात.

कुंडी सुरुवातीला पंधरा-वीस लिटरची, दर दोन-तीन वर्षांनी एक पायरी मोठी, शेवटी साठ लिटरच्या आसपास. एकदम मोठी कुंडी दिली तर मुळं पोचत नाहीत तिथली माती ओली राहून कुजते. प्लास्टिकची हलकी कुंडी घ्या आणि तिच्याखाली चाकांची फळी. साठ लिटरची ओली कुंडी उचलताना आमच्या यांची कंबर धरली होती, म्हणून सांगते. माती ठाण्यासारखी करू नका. गच्चीवर मी कोकोपीट, शेणखत, निंबोळी पेंड घालते, कारण इथे ऊन आणि वारा पाणी खेचून घेतात. तिथे मिश्रण मोकळं हवं. पाइनच्या सालीचा बारीक चुरा पाच भाग, परलाइट म्हणजे हलके पांढरे खनिज दाणे एक भाग, पीट म्हणजे कुजलेलं शेवाळ एक भाग. चुना घालायचा नाही. तीनपानी खुंटाला चुनखडी सोसत नाही, पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तसं दिसलं तर लोह कमी पडतंय. खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडली तर नत्र कमी. लिंबूवर्गीय झाडांसाठीचं, लोह-जस्त-मँगनीज असलेलं खत मेपासून द्या आणि ऑगस्टच्या मध्यावर थांबा. सप्टेंबरात कोवळी फूट आली तर ती पहिल्याच गारठ्याला काळी पडते.

पाण्याचा नियम एकच. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी, आणि दिलं की तळातून वाहीपर्यंत. थाळीत साचलेलं पाणी ओतून टाका.

मेमध्ये झाड बाहेर काढताना घाई नको. आठवडाभर सावलीत, मग सकाळचं कोवळं ऊन, मग पूर्ण. सहा महिने घरात राहिलेलं पान एका दुपारीत भाजून पांढरं पडतं.

ऑक्टोबरमध्ये उलट. झाडाला घरात कोंडायची घाई सगळेच करतात. रात्री आठ-दहा अंशांची थंडी हळूहळू लागू द्यावी, त्याने झाड निबर होतं. तेरा अंशांच्या खाली त्याची वाढ जवळपास थांबतेच. धोका सुरू होतो शून्याच्या खाली. उणे दोन-तीनला पानं आणि फळं दुखावतात, उणे पाच-सहाला लाकूड मरायला लागतं. एका वर्षी आमच्या परतीच्या तोंडावर, ऑक्टोबरअखेर, एका रात्रीचा अंदाज उणे एकचा होता आणि कुंडी आत घ्यायला घरात कोणी नव्हतं, जावई गावाला. मी संध्याकाळी मातीला पाणी घातलं, कारण ओली माती ऊब धरते. झाडावर जुन्या पद्धतीची दिव्यांची माळ गुंडाळली आणि वरून जमिनीपर्यंत दोन चादरी टाकल्या, कपड्यांच्या चिमट्यांनी जोडून. माळ जुन्या तारेच्या बल्बचीच हवी, एलईडीची नाही. एलईडीने रोषणाई होते, ऊब मिळत नाही. आणि प्लास्टिक पानांना टेकवू नका, टेकलं तिथे पान काळं पडतं. रात्रभर अंगणात तो झगमगता गठ्ठा होता. समोरच्या बाईंनी सकाळी हसून विचारलं की हे तुमच्या दिवाळीचं काही आहे का. मी हो म्हटलं.

आत घेण्याआधी आंघोळ. हे मी कुणावर सोपवत नाही. बाथटबमध्ये कुंडी आडवी ठेवायची, मातीवर प्लास्टिक बांधायचं आणि हँडशॉवरने पानांच्या पाठी धुवायच्या. मग ओल्या मलमलीने एकेक पान पुसायचं. खवले कीड फांदीवर तपकिरी टिकल्यांसारखी चिकटलेली असते, ती जुन्या टूथब्रशने निघते. कोळी ही दुसरी बारीक कीड, ती डोळ्यांना सहज दिसत नाही. पान पांढऱ्या कागदावर झटकून बघा, ठिपके चालायला लागले तर ते कोळी. घरातल्या कोरड्या हवेत ते दहापट होतात. बागायती तेलाची एक फवारणी तेव्हाच करून घ्यावी. ठाण्यात माझा वैरी वेगळा, लिंबावरच्या फुलपाखराची अळी, लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी. ती तिथे भेटली नाही, एवढं सुख.

आता सगळ्यांत मोठा फटका. दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीत, लेकीचा फोन आला की पानं गळतायत. पिवळी होऊन नाही, हिरवीगार गळतायत. सकाळी उठलं की कुंडीभोवती सडा. झाड त्यांनी काचेच्या खोलीत ठेवलं होतं. भरपूर ऊन येतं म्हणून, पण तिथे हीटर नाही. जावयांना वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून रोज घातलं. त्याने आणखी गळलं. मी म्हटलं, मातीत हात घाल. ‘बर्फ आहे गं’ म्हणाली. त्यांच्याकडे मांस भाजताना आत खुपसायचा थर्मामीटर होता, तो कुंडीत खुपसायला लावला. सहा अंश.

तेव्हा उलगडा झाला. दुपारी काचेतून आलेल्या उन्हाने पानं तापत होती, त्यांना पाणी हवं होतं. मुळं मात्र गारठलेल्या फरशीवर. लिंबूवर्गीय झाडाची मुळं बारा-तेरा अंशांच्या खाली पाणी ओढायचं जवळपास बंद करतात. वर मागणी, खाली संप. मग झाड पानंच सोडून देतं. यावर दोन उपाय, पानं थंड ठेवा किंवा मुळं उबदार करा. आम्ही दोन्ही केले. कुंडीखाली थर्माकोलचा जाड तुकडा आणि त्यावर रोपांसाठी मिळते ती विजेवरची गरम चटई. कुंडीभोवती ठाण्याहून नेलेली गोधडी, सुतळीने बांधून. दुपारी पातळ पडदा. पाणी कोमट आणि पंधरा दिवसांतून एकदा. पुढचे तीन आठवडे झाड काड्यांसारखं होतं, लेक रोज विचारायची फेकून देऊ का. मी तिला नखाने साल खरवडायला लावलं, खाली हिरवं होतं. मार्चमध्ये नवे कोंब फुटले.

तेव्हापासून नियम असा की झाडाला एकतर सात ते बारा अंशांच्या गार खोलीत निजवायचं, मंद उजेडात, जेमतेम पाण्यावर, किंवा घरातल्या उबेत पूर्ण जागं ठेवायचं आणि मग उजेडही भरपूर द्यायचा. डिसेंबरात तिथला दिवस नऊ-सव्वानऊ तासांचा. ठाण्यात सगळ्यांत लहान दिवससुद्धा अकरा तासांच्या आसपास असतो. म्हणून जागं ठेवायचं तर दक्षिणेची खिडकी आणि वर झाडांसाठीचा दिवा, बारा तास. निजायला गार खोली आणि वरून भगभगीत ऊन, हे तेवढं नको. आम्ही तिसऱ्या वर्षापासून जागं ठेवतो, कारण फळं धरलेली असतात.

फुलं फेब्रुवारी-मार्चमध्ये घरातच येतात. मधमाशी नाही म्हणून काळजी नको, ओरो ब्लांको परागाशिवाय फळ धरतं. पहिली दोन वर्षं फळं वाटाण्याएवढी असतानाच काढून टाका. जीव तुटतो, पण काढा. तिसऱ्या वर्षी सात टिकली, आम्ही तीन ठेवली. बाकीची बरीचशी आपोआप गळतात, ते नेहमीचंच.

पिकलं कधी ते रंगावरून ओळखू नका. ओरो ब्लांको हिरवट असतानाही आतून तयार असतं. हातात घेऊन वजन बघा, आकाराच्या मानाने जड लागायला हवं. मग एक तोडून चाखा. घाई झाली तर बाकीची राहू द्या, फळ झाडावर आठवडेच्या आठवडे टिकतं.

एक गोष्ट औषधाच्या डब्याजवळ चिकटवून ठेवा. ग्रेपफ्रूट आणि पपनस, दोन्ही काही गोळ्यांचा अंमल वाढवतात. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या, रक्तदाबाच्या काही. पोटातलं औषध मोडणारं एक विकर (एन्झाइम) हे फळ निकामी करतं, त्यामुळे रक्तात गोळी जरुरीपेक्षा जास्त उतरते. एक दिवसाआड खाल्लं म्हणून सुटका नाही. डॉक्टरांना विचारा. आमच्या यांना एक फोडही मिळत नाही आणि गणपतीत जांभळी नाक्यावरून पपनस आणलं की ते ताटाकडे असं बघतात की मीच अपराधी.

माझी तक्रार वेगळीच आहे. फळ तयार होतं जानेवारी-फेब्रुवारीत, आणि तेव्हा मी ठाण्यात. तिसऱ्या वर्षीची तिन्ही फळं लेकीने कॅमेऱ्यासमोर सोलली. नातीने पहिली फोड तोंडात टाकली, मी इकडे रात्री साडेनऊला विचारतेय, कडू आहे का गं? तिने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही, आणि दुसरी फोड उचलली. यंदा पाच आहेत. त्यातलं खिडकीकडचं, सगळ्यांत मोठं, एप्रिलअखेरपर्यंत तोडायचं नाही असं बजावून ठेवलंय. फांदी वाकायला लागली म्हणून माझ्या जुन्या ओढणीची झोळी करून ते टांगलंय. परवा कॉलवर झोळीची गाठ दाखवायला लावली. ढिली होती, पुन्हा बांधून घेतली.